पाचपैकी चार वेळा

परवा लेकाची आयईपी मीटिंग झाली. दरवर्षी होते आणि दरवर्षी आदल्या रात्री मला झोप लागत नाही. तुम्हाला थोडक्यात सांगते, इथे अमेरिकेत स्पेशल एज्युकेशनमधल्या प्रत्येक मुलाचा वर्षभराचा एक लेखी प्लॅन असतो, त्याला आयईपी म्हणतात, १९७५ च्या कायद्याने आलेली गोष्ट, आणि तो प्लॅन ठरवणाऱ्या टीममध्ये टीचर, थेरपिस्ट यांच्यासोबत आईबाप पण कायद्यानेच असतात. हे शेवटचं मला पहिली दोन वर्षं कळलंच नव्हतं! मी आपली प्रगतिपुस्तक घ्यायला गेल्यासारखी कोपऱ्यात बसायचे, दाखवतील तिथे सही करायचे आणि गाडीत येऊन रडायचे.

लेक सात वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, तोंडाने बोलत नाही. त्यामुळे रिपोर्ट म्हणजे तो काय काय करत नाही याची यादी. चुकीचं काही नसतं हो त्यात, पण सात-आठ माणसांसमोर आपल्या पोराबद्दल ते वीस मिनिटं ऐकत बसायचं म्हणजे... जाऊ दे. आता मी माझा एक कागद घेऊन जाते, त्याला काय आवडतं, काय नवीन जमलं, कशाने हसतो, आणि तो आधी वाचते. कोणी अडवत नाही. आणि सही त्याच दिवशी करायची सक्ती नसते, कागद घरी आणून शांतपणे वाचता येतात, हे कोणी आपणहून सांगत नाही म्हणून मी सांगतेय.

सुरुवातीला आमची आशा एकच होती, एक दिवस अचानक बोलेल. फोनवर सगळे तेच म्हणायचे, अमक्याचा मुलगा पाचव्या वर्षी बोलला, आता थांबत नाही बोलायचा. प्रेमानेच म्हणायचे. पण त्यामुळे प्रत्येक वाढदिवस परीक्षेच्या निकालासारखा वाटायला लागला, आणि आम्ही दरवेळी नापास.

त्यातच एका थेरपिस्टने सांगितलं की घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. आम्ही ऐकलं. वर्षभर मी माझ्याच पोराला इंग्लिशमध्ये झोपवत होते, इंग्लिशमध्ये रागवत होते, आणि मला धड रागावता पण येत नव्हतं. नंतर दुसऱ्या स्पीच थेरपिस्टने सांगितलं की दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, खुशाल मराठी बोला. त्या वाया गेलेल्या वर्षाचा राग अजून जात नाही माझा.

तर आयईपीतले गोल्स कसे असतात? 'समोर दोन वस्तू ठेवल्यावर हवी ती दाखवेल, पाचपैकी चार वेळा.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं, मी पोरगा कधी बोलेल विचारतेय आणि हे वस्तू मोजतायत. पण तो गोल त्याने आठ महिन्यांत पूर्ण केला, आणि मला पहिल्यांदा कळलं की तो पुढे जातोय, आपणच भलत्या रस्त्याकडे बघत बसलो होतो.

आता त्याच्याकडे टॅब्लेट आहे, चित्राचं बटण दाबलं की टॅब्लेट बोलतो. आम्हाला भीती होती की याने तोंडाने बोलायचा आळस लागेल, तसं होत नाही म्हणे, आणि आमच्याकडे तरी झालेलं नाही, उलट आवाज जास्त काढतो. त्याने आपणहून दाबलेलं पहिलं बटण 'स्टॉप'. मी गात होते. मी थांबले, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की अरे, हे चालतं!

रोज असं नसतं हं. रात्री तीनला उठून बसतो तेव्हा मला आशाबिशा काही नसते, झोप हवी असते. आणि एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी शाळेची ही सगळी मदत संपते, पुढे काय, आमच्यानंतर कोण, हे कुठल्याच मीटिंगमध्ये सुटत नाही. नवरा म्हणतो आत्ता फक्त पुढच्या मीटिंगपर्यंतचं बघू. बघते. काही दिवस जमतं.

टॅब्लेटमध्ये आपल्या आवाजात शब्द भरता येतात, म्हणून मी मराठी बटणं केलीत, 'आजी', 'दे', 'नको', 'संपलं'. रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल होता, नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, बोलायला लागला का गं? मी काही म्हणायच्या आत त्याने बटण दाबलं, 'आजी'. परत 'आजी'. सासूबाई एकदम गप्प, डोळ्याला पदर. मग त्याने शांतपणे 'संपलं' दाबलं आणि कॉल कट करायला बोट पुढे केलं.

"अगं, हा मला हाकलतोय!" सासूबाई म्हणाल्या, आणि किती दिवसांनी इतक्या हसल्या.