चूक कोणाची, हा प्रश्न कायद्याने सोडला तेव्हा

कामावर जखमी झालेल्या माणसाने भरपाई मागायची तर आधी मालकाची चूक सिद्ध करायची, ही एकोणिसाव्या शतकातली अट. आणि त्या सिद्धतेच्या वाटा कोर्टांनीच बुजवल्या.

इंग्लंडमधला १८३७ चा प्रीस्टली विरुद्ध फाउलर हा खटला घ्या. खाटकाकडे कामाला असलेल्या पोराच्या गाडीत माल जास्त भरला होता. गाडी मोडली, त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ज्यूरीने १०० पौंड मंजूर केले. न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅबिंजर यांनी ते फिरवलं: धोका दिसत होता तर नोकराने काम नाकारायचं होतं! पोटासाठी राबणारा पोरगा धन्याला नाही म्हणणार कसा, याचा विचारच नाही. पाच वर्षांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये फार्वेल खटला झाला. रेल्वेच्या सांधेवाल्याने रुळांचा सांधा चुकीचा ठेवला, इंजिन घसरलं, चालकाचा उजवा हात गेला. न्यायमूर्ती शॉ म्हणाले, चूक सहकाऱ्याची, कंपनीची नव्हे. शिवाय धोक्याचा मोबदला पगारातच आला. तो पगार होता दिवसाला दोन डॉलर.

ब्रिटनच्या १८८० च्या कायद्याने मुकादमाच्या चुकीपुरती जबाबदारी मालकावर टाकली खरी, पण दोनच वर्षांत कोर्टाने ठरवलं की हा हक्क सोडल्याचा करार कामगाराकडून करून घेता येतो.

गाठ सुटली ती जर्मनीत, १८८४ साली. चूक कोणाची हे विचारणंच बंद. मालकांच्या संघांनी वर्गणी भरायची. पहिले १३ आठवडे आजारपण निधीतून मदत, पुढे पूर्ण अपंगत्व असेल तर वेतनाच्या दोन-तृतीयांश पेन्शन.

ब्रिटनने १८९७ मध्ये कसोटी बदलली: अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का, एवढंच पाहायचं. भारताच्या १९२३ च्या कायद्यातही हेच शब्द आले. ब्रिटनमधली भरपाई म्हणजे आठवड्याला निम्मं वेतन, कमाल एक पौंड. मृत्यू झाल्यास तीन वर्षांची कमाई किंवा १५० पौंड, यांतली मोठी रक्कम, पण ३०० च्या वर नाही. पहिल्या दोन आठवड्यांचं मात्र काहीच नाही. बोट चिरडलेला माणूस बारा दिवसांत कामावर परतला तर हाती शून्य. शेतमजूर आणि खलाशी तर कायद्याबाहेरच होते.

आणि ‘अपघात’ या शब्दात हळूहळू भिनणारं शिसं कुठे बसणार? शिसं, पारा, फॉस्फरस यांची विषबाधा ब्रिटनमध्ये भरपाईच्या यादीत यायला १९०६ उजाडलं.