लिस्बनच्या भिंतीवरची टाइल कोणाची?

आमच्या घरमालकाला इमारतीची रस्त्याकडची भिंत रंगवून टाकायची होती. ग्रासा टेकडीवरची ही जुनी इमारत खालपासून वरपर्यंत निळ्या-पांढऱ्या टाइल्सनी मढवलेली आहे. त्यातल्या बऱ्याच निसटल्यात, तिथून पाणी मुरतं आणि आमच्या पुढच्या खोलीला ओल येते. मालकाचा विचार साधा होता. सगळ्या टाइल्स उतरवायच्या, गिलावा करायचा, वर चांगला रंग मारायचा. पालिकेची परवानगी मिळाली नाही. आहेत त्या टाइल्स जागच्या जागी ठेवा आणि गेल्यात तिथे तशाच नव्या बनवून बसवा, असं उत्तर आलं. जिन्यात भेटला तेव्हा चांगलाच तापला होता. घर माझं, भिंत माझी, कर मी भरतो, मग मला अडवणारे हे कोण?

त्याचा राग मला कळला. आपल्याकडे वाढलेल्या कुणालाही कळेल. पण वर येऊन चहा टाकला तेव्हा डोक्यात एकच घोळत होतं. आमच्या सावंतवाडीत, बांद्यात, वेंगुर्ल्यात अशी एक तरी भिंत कुणी अडवली असती तर!

लिस्बन शहरात २०१३ पासून हा नियम आहे आणि २०१७ च्या कायद्याने तो देशभर लागू झाला. बाहेरच्या भिंतीवरचे अझुलेझु, म्हणजे या रंगवलेल्या टाइल्स, काढता येत नाहीत आणि अझुलेझु असलेली दर्शनी भिंत पाडताही येत नाही. वारसा म्हणून त्यांना मोल नाही हे पटवून देता आलं तरच सूट. त्याआधी बरीच वर्षं इथे रिकाम्या घरांच्या भिंती सोलल्या जात होत्या. माल जुन्या बाजारात यायचा आणि पर्यटकांच्या पिशव्यांतून देशाबाहेर जायचा. २००७ मध्ये इथल्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने ‘एसओएस अझुलेझु’ नावाचा प्रकल्प सुरू केला. चोरीला गेलेल्या फलकांचे फोटो सर्वांना दिसतील असे इंटरनेटवर टाकायचे, म्हणजे विकणाऱ्याला लपता येत नाही आणि घेणाऱ्यालाही ‘मला काय माहीत’ म्हणता येत नाही. पोलिसांनी भिंतीवरच्या नक्षीचा माग काढावा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याबरोबर मी शनिवारी फेइरा दा लाद्राला जाते. हा इथला जुना बाजार मंगळवारी आणि शनिवारी साओ विसेंतेच्या चर्चमागे भरतो. पुण्याचा जुना बाजार पाहिलेल्यांना त्याचं वर्णन करायला नको. जमिनीवर चादर अंथरून पितळी कड्या, किल्ल्या, चिनी मातीच्या बशा, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, बाहुल्यांचे हात. एकदा एका खोक्यात ‘नोव्हा गोवा’ छापलेली पणजीची पोस्टकार्डं दिसली. मांडवीचा काठ पाहून मी तिथेच बसले. ती घेतली, घासाघीस न करता.

आजींबरोबर हिंडणं म्हणजे शिकवणीच. टाइल हातात घेतली की त्या पहिल्यांदा उलटी करतात. मागे चुना ताजा तुटलेला दिसला की खाली ठेवतात आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “कुठल्या रस्त्यावरची ही?” बहुतेक वेळा समोरून उत्तर येत नाही. आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघतात. आजी काही भांडत नाहीत, फक्त थांबून राहतात, आणि ते थांबणं विकणाऱ्याला सोसत नाही. मी घरात लावण्यासाठी जुनी टाइल शोधत होते तेव्हा त्यांनी मला नीट समजावलं. दर्शनी भिंतीवरची टाइल साधारण चौदा सेंटीमीटरची असते आणि बहुतेक नक्षींत चार टाइल्स जुळल्या की एक फूल पूर्ण होतं. एकटी टाइल म्हणजे पाव फूल. ते पाव फूल आपल्या दिवाणखान्यात आलं की कुठल्यातरी गल्लीत पाऊण फूल उरलेलं असतं. ग्रासातून अल्फामाकडे उतरताना अशा भिंती आता मला सगळीकडे दिसतात.

मग मी जुनी टाइल घ्यायचा विचार सोडला आणि नवी बनवायला शिकले. लिस्बन आणि परिसरात सांत’आना हा १७४१ चा कारखाना अजून हाताने टाइल्स घडवतो, व्हिउव्हा लामेगु १८४९ चा आहे, आणि छोट्या कार्यशाळा तर गल्लोगल्ली आहेत. भाजलेल्या टाइलवर कथिलाची पांढरी झिलई चढवतात. ती सुकली की तिच्या भुकटीसारख्या पृष्ठभागावरच कुंचल्याने चित्र काढायचं. कुंचला टेकताक्षणी रंग शोषला जातो, खोडाखोड होत नाही. कोबाल्टचा निळा दुसऱ्या भट्टीतून बाहेर आल्यावरच उजळतो, तोपर्यंत आपण काय काढलंय ते नुसतं अंदाजाने कळतं. मी त्यावर मत्स्यावतार काढला, आमच्या दशावतारी गंजिफातला. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी हा विसरत चाललेला हुन्नर सावंतवाडीच्या राजवाड्यात पुन्हा उभा केला, आणि लहानपणी तिथे दरबार हॉलमध्ये जमिनीवर बसून पत्ते रंगवणारे चितारी मी तासन् तास पाहिलेत. माझा मासा आता स्वयंपाकघरात शेगडीच्या वर आहे. त्याच्या शेजारच्या फळीवर चितारआळीतली लाकडी फळं. आजींनी पहिल्यांदा त्यातला आंबा उचलला तेव्हा त्याचा वास घेतला होता.

आता आपल्याकडचं. हे लिहिताना मला राग येतो आणि तो येऊ देणार आहे. पुण्यातले, नाशिकचे, वाईचे वाडे उतरवले गेले तेव्हा त्यांचे खांब, तुळया, कोरीव दरवाजे कुठे गेले? काही जळणात गेले. चांगले होते ते व्यापाऱ्यांकडे गेले, तिथून जोगेश्वरीच्या फर्निचर बाजारात आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटवर. आज कुणाच्या पेठेतल्या घराचा दरवाजा कुठल्याशा हॉटेलात काच टाकून टेबल झालाय आणि त्याभोवती बसून लोक फोटो काढतात. ‘व्हिंटेज पीस’ म्हणून भाव सांगतात, गावाचं नाव कुणी सांगत नाही. मुंबईत मैत्रिणीकडे एक सुरेख कोरीव खांब पाहिला. कुठला, विचारलं तर म्हणाली, “साउथचा असेल.” तिच्या घरातली ती सर्वांत देखणी वस्तू, आणि तिला गाव नाही.

असं म्हणताना पुण्याच्या दिनकर केळकरांना विसरून चालणार नाही. अडकित्ते, दिवे, दौती, वेणीफणीच्या पेट्या, दारं, असं रोजच्या वापरातलं सुंदर सामान या एका माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून जमवलं आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलं. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून संग्रहालयात उभे केले. इथल्या लोकांना मी हे आवर्जून सांगते. त्यांच्याकडे कायदा आहे, पोलीस आहेत. आमच्याकडे एकटा माणूस होता आणि त्याने अख्खं संग्रहालय उभं केलं.

इथल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, तुमच्याकडे एवढी सुंदर घरं असताना तुम्ही पाडता का? मला ते लागलं. त्याला म्हटलं, कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लिस्बनला त्याच्या पाव हिस्सा पडत असेल. लाकडाला वाळवी लागते, कौलं दरवर्षी परतावी लागतात, चिऱ्याच्या भिंतीवर शेवाळ चढतं. सातबाऱ्यावर बावीस नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, आणि गावात उरलेल्या एका काकाने कौलं परतायला पैसे कुठून आणायचे? टाइल एकदा भाजली की दोनशे वर्षं पाऊस सोसते. ती सांभाळणं आमच्या माडीच्या घरापेक्षा सोपं आहे. हे मी त्याला ठणकावून सांगितलं आणि अजूनही मला ते बरोबर वाटतं.

मात्र पोर्तो शहराने जे केलंय त्याला पाऊस आड येत नाही. तिथे पालिकेचं एक भांडार आहे. पडलेल्या, मोडलेल्या घरांच्या टाइल्स, कठडे, पाट्या तिथे जमा होतात, आणि ज्याच्या भिंतीवरच्या चार टाइल्स गेल्यात त्याला जुळणाऱ्या मिळाल्या तर फुकट देतात. मंगलोरी कौलांसाठी असं एक भांडार प्रत्येक तालुक्याला परवडेल. जुन्या साच्याचं कौल मिळत नाही म्हणून छपरावर पत्रा चढतो, हे कोकणातल्या सगळ्यांना माहीत आहे.

इथे राहून एका गोष्टीचा मला सर्वांत जास्त आनंद झाला ती मात्र आपली आहे. राष्ट्रीय अझुलेझु संग्रहालय माद्रे दे देउशच्या जुन्या मठात आहे. बहुतेक लोक तिथे १७५५ च्या भूकंपाआधीचं लिस्बन दाखवणारा तो तेवीस मीटर लांबीचा निळा फलक बघायला जातात. मी गेले आणि चर्चच्या वेदीसमोर लावण्याच्या सतराव्या शतकातल्या टाइल्सपाशी अडकले. मोर, हरणं, वेली, फुलांनी वाकलेल्या फांद्या. भारतातून जहाजांनी आलेलं छापील कापड इथे इतकं आवडलं की टाइल रंगवणाऱ्यांनी त्याची नक्षी जशीच्या तशी उचलली, पार झालरीसकट. आल्कोबासा गावाचं प्रसिद्ध फुलाफुलांचं ‘शीता’ कापडही त्याच ओढीतून आलेलं. त्या कापडाचे पडदे मी बैठकीत लावलेत. पाहुणे म्हणतात, किती पोर्तुगीज! मग मी त्यांना बसवून सगळा इतिहास सांगते.

प्राचीन कला संग्रहालयात गोव्याकडे घडलेली शिसवी आणि हस्तिदंती जडावाची कपाटं आहेत. त्यांच्यासमोर उभं राहिलं की इथल्या कायद्याबद्दलचं माझं कौतुक जरा आवरतं. स्वतःच्या भिंतीवरच्या टाइलबद्दल एवढी जागरूक असलेली ही माणसं त्या कपाटाला मात्र ‘कुठल्या रस्त्यावरचं’ असं विचारत नाहीत. आजींना मी तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, तेव्हा आमच्या कारागिरांना आणि तुमच्या कारागिरांना पैसे देऊनच ती करून घेतलीत. काही तशी करून घेतली असतील, हे मी मानते. आणि मग मला वसई आठवली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा त्यातलीच. पण ती देवळाबाहेर उघड्यावर टांगलेली आहे, कुठून आली ते नाशिकच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. युद्धात जिंकलेली वस्तू आणि रात्री भिंतीवरून सोललेली वस्तू यांत मी फरक करते.

आमच्या बैठकीत दारावर फणसाच्या लाकडाची गणेशपट्टी आहे. आजोबांनी १९५१ मध्ये बांधलेल्या घराची ती पट्टी. वाटण्या झाल्या, घर उतरवायचं ठरलं, आणि ठेकेदार लाकूड वजनावर मागत होता. मी पट्टी तेवढी मागून घेतली आणि सामानातून इथे आणली. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याला लागू नाही, हे आधी विचारून घेतलं. तरी आतेभाऊ फोनवर म्हणालाच, “तू टाइलचोरांवर लिहितंस, पण आजोबांचा गणपती खय आसा?” गणपती दारावरच आहे, जिथे आजोबांनी बसवला होता, फक्त दार दुसरं. त्याचं गाव, साल, सुताराचं नाव मी मागच्या बाजूला चिठ्ठी करून चिकटवलंय. वजनकाट्यावर गेला असता तर यातलं काही उरलं नसतं. त्या सगळ्या घरातून ही एकच वस्तू वाचली आणि ती मी वाचवली.

आपल्याकडच्या एका कलेला मात्र असं वाचवता येत नाही आणि वाचवायचीही नसते. सिंधुदुर्गात गणपतीची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची. वर माटवी, म्हणजे फळापानांचं छत, बांधायची, मागे कमळं, मोर, वेल, घरातल्याच कुणीतरी काढलेले, आणि पुढच्या चतुर्थीला त्यावर चुना फासून पुन्हा पहिल्यापासून. माझी आत्या ते कमळ उभ्याउभ्या एका दमात काढायची. मग भिंतींना प्लास्टिक पेंट आला, मागे थर्माकोल आला, २०१८ ला त्यावर बंदी आली तर छापील पडदे आले. टाइलचा कायदा करता येतो. आत्याच्या हाताला कायदा लावता येत नाही, तो हात पोरांना शिकवावा लागतो. तिच्याकडून व्हिडिओ कॉलवर ते कमळ मी शिकतेय.

घरमालकाला विचारलं, आतली भिंत रंगवू का? त्याने हात झटकून सांगितलं, आतली तुझी, हवं ते कर. बाहेर परांची बांधून झाली आहे, नव्या टाइल्स भट्टीतून यायच्या आहेत. त्या बसून ओल सुकली की मी भादव्याच्या आधी पुढच्या खोलीत कमळ काढायला घेईन. सिंधुदुर्गात कुणाच्या घरी अजून हाताने गणपतीची भिंत रंगवत असतील, तर रंगवणाऱ्या माणसाला विचारून त्याचा फोटो मला पाठवा. गावाचं आणि काढणाऱ्याचं नाव आठवणीने लिहा.