तुम्ही विचारलंत म्हणून: ही गोष्ट आपलीच ना?

दर व्याख्यानानंतर कुणाचा तरी हात वर होतोच. "मॅडम, ही गोष्ट मूळची आपलीच ना?" विषय 'ह्वेइलानजी', म्हणजे खडूच्या वर्तुळाचं चिनी नाटक: एकाच मुलावर दोघी आई म्हणून हक्क सांगतात, आणि न्यायाधीश मूल ओढायला लावून खरी आई ठरवतो. खानोलकरांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' ज्याच्या नाटकावरून आलं तो जर्मन नाटककार ब्रेख्त, ते पाहिलेल्यांना ठाऊक असतो, तो पुन्हा सांगत नाही.

खरं तर हा प्रश्न लोकांच्या तोंडी मीच घातला. पूर्वी तक्ता घेऊन फिरायचे. डावीकडे महोसध जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या पाली कथांपैकी एक: जमिनीवर रेघ, मुलाचे हात एकीकडे, पाय दुसरीकडे, रडणं ऐकून सोडते ती आई. उजवीकडे ली छिएनफूचं हे नाटक, चीनच्या युआन राजवटीच्या काळातलं: वर्तुळ, हायतांग आणि तिची सवत, न्यायाधीश बाओ. रकान्याला रकाना जुळायचा, टाळ्या पडायच्या. पुढे यिंग शाओ या चिनी लेखकाच्या नावावरचा दुसऱ्या शतकातला मजकूर वाचला. त्यात ह्वांग बा नावाचा, चीनच्या हान राजवटीचा अधिकारी दोन जावांमधलं मुलावरून झालेलं भांडण असंच मिटवतो. आज मिळणारं जातकाचं पाली गद्य त्याहून उशिराचं. उलट, पाचव्या शतकात एका बौद्ध ग्रंथातून अशीच कथा चिनीत पोचली, हेही खरं. तेव्हा आपली की त्यांची, मला नाही सांगता येत. पळवाट म्हणा हवं तर.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. तालुक्याच्या एका वाचनालयात मी चौथा अंक मराठीतून वाचला, दोन पानं गाळून. त्या पानांत हायतांग मुलाला ओढत नाही म्हणून बाओ तिला मारायला लावतो. झंगझोऊ शहरातल्या लाचखाऊ कोर्टात तर आधीच मारून तिची कबुली घेतलेली. म्हणजे लाचखाऊ असो की नीतिमान, दंडुका दोघांकडेही. जातकात हा मार नाही, माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता. वेळ कमी होता, असं मी स्वतःला सांगितलं.

वाचन संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "ती काही बोललीच नाही, मग त्याला कळलं कसं?"

मी हसून म्हटलं, "न्यायाधीश हुशार होता."

"कोर्टात गप्प बसणाऱ्या बाईला असा हुशार भेटत नसतो हो," त्या म्हणाल्या. "माझी पोरगी चार वर्षांची होती." आणि बसल्या.

उत्तर माझ्या पिशवीत होतं. हायतांग गप्प नसतेच. मार खाल्ल्यावर ती सांगते, ओढलं तर लेकराचा हात मोडेल. तेव्हा कुठे निकाल लागतो. झाज्यू, म्हणजे युआन काळातल्या या गायनप्रधान नाटकांत, गाणं एकाच पात्राला असतं. इथे चारही अंक तीच गाते, बाओच्या वाट्याला एकही पद नाही. संगीत नाटकावर वाढलेल्या मला हे आधी दिसायला हवं होतं. पण तेवढ्यात आभारप्रदर्शन सुरू झालं. मी शाल-श्रीफळ घेत होते, त्या दाराशी चपला शोधत होत्या.

तक्ता चूक नव्हता, असं अजूनही वाटतं. सांगाडा सारखाच आहे. मग ती पानं का गाळली? तेव्हाची मी म्हणते, वेळ नव्हता. घड्याळात पंधरा मिनिटं शिल्लक होती.