आधी वही, मग स्टॉकफिश

जून लागला की बेळगावात संध्याकाळी बाहेर पडायची सोय राहत नाही. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरची ट्रंक उघडली, तर माझ्या जुन्या बुद्धिबळाच्या डावांच्या वह्या निघाल्या. निपाणी, गोकाक, खानापूर आणि बेळगावातल्या स्पर्धांचे नव्वदच्या दशकातले त्रेचाळीस डाव, सगळे बॉलपेननं टिपलेले. पुतण्या म्हणाला, "काका, लिचेसवर टाका की. स्टॉकफिश फुकटात सगळं सांगतंय."

टाकले. लिचेस हे बुद्धिबळाचं संकेतस्थळ, स्टॉकफिश हे त्यावरचं डाव जोखणारं संगणकी इंजिन. पहिल्या चार डावांत माझं काम एवढंच, की चाल भरायची, कोण वरचढ ते दाखवणारी बाजूची पट्टी काळी-पांढरी कशी सरकते ते बघायचं, "अरेरे" म्हणायचं आणि पुढं जायचं. तासाभरात चार डाव उरकले आणि हाती शून्य. शेजाऱ्याच्या वहीतलं गणित उतरवून घेतल्यासारखं झालं.

पाचव्या डावापासून पद्धत बदलली. मोबाईल पालथा ठेवायचा. लाकडी पटावर स्थिती मांडायची आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: कोण वरचढ आहे, मी कोणती चाल करीन, आणि खात्री किती. खात्री मी आण्यांत लिहायचो. आठ आणे, बारा आणे, अगदीच छाती फुगली तर सोळा आणे. मग इंजिन लावायचं, आणि तेही लगेच वाचायचं नाही. सुरुवातीला ते +१.२ म्हणतं, म्हणजे पांढऱ्याला साधारण सव्वा प्याद्याचा फायदा. मिनिटभरानं खोल गेलं की तेच +०.३ वर येतं. घाई केली तर त्याचंही पहिलंच मत हाती लागतं, आणि पहिलं मत तर माझ्याकडं होतंच.

सोळा आणे लिहिलेला पहिला डाव गोकाकचा. समोर तिथले एक गणिताचे मास्तर, कानडी माणूस, घोड्याला 'कुदुरे' म्हणायचे. माझा पांढरा. (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८; घराचं नाव त्यावरून.) त्यांनी किल्लेकोट केला होता, म्हणजे राजा कोपऱ्याकडं नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणला होता, आणि मी उंट एच७ वर घालून बळी दिला. राजानं उंट खाल्ला, मी जी५ वर घोड्याचा शह दिला, राजा मागं जी८ वर, वजीर एच५ वर. आता एच७ वर मात. त्यांनी राजाला पळायला जागा म्हणून हत्ती ई८ वर नेला, मी वजिरानं एफ७ चं प्यादं शहासकट मारलं, आणि पाच-सहा चालींत त्यांनी हात पुढं केला. हा डाव मी पंचवीस वर्षं सांगत आलोय. लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलाय.

स्टॉकफिशनं उंट पडल्यापडल्या −२.६ दाखवलं, म्हणजे काळाच वरचढ. मला वाटलं चाल चुकीची भरली. पुन्हा भरली. तेच. मग त्याची ओळ, म्हणजे त्यानं सुचवलेल्या चाली, वाचली: वजीर एच५ वर आला की काळ्यानं सी८ चा उंट एफ५ वर आणायचा. बस. ई६ वर प्यादं नव्हतं, त्यामुळं कर्ण मोकळा होता आणि एफ५ वरून उंट एच७ झाकतो. तो उंट मारावा, तर माझ्या वजिराच्या वाटेत जी५ वर माझाच घोडा आडवा. जी४ नं हुसकावावा, तर तो जी६ वर बसून उलट वजिरालाच धरतो. हल्ला संपला, मी एका मोहऱ्यानं खाली. बराच वेळ त्या घोड्याकडं बघत बसलो. बाहेर पागोळ्या चालूच होत्या.

असे घोटाळे मोजत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. प्यादी अडकलेली, पट बंद असला की माझे आणे बऱ्यापैकी खरे ठरत होते. ई-पट्टी मोकळी झाली, कर्ण उघडले, की मी भुईसपाट. याचं मूळ मला खानापूरच्या बाजूला, आजोबांच्या पडवीत सापडलं. मी आधी शिकलो ती देशी पद्धत. तिथं प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं, किल्लेकोटाऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळायची. डाव सावकाश उकलायचा. लांबून येणाऱ्या उंटाची धास्ती फार उशिरा. माझी नजर त्याच पटावर तयार झाली. पंजाबातले बुद्धिबळपटू मीर सुलतान खान देशी पद्धतीवरच वाढले आणि १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश विजेते झाले. पण त्यांचीही कच्ची बाजू डावाच्या सुरुवातीचीच मानली जायची. अर्थात ते सुलतान खान होते आणि मी खानापूरचा.

१९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवली तर पट्टीचा खेळाडू ती बरीचशी बरोबर मांडतो. मोहरी कशीही विस्कटून ठेवली तर त्याची गत नवशिक्यासारखीच होते. 'मला आतून वाटलं' असं आपण ऐटीत म्हणतो, ते बहुतेक असंच पूर्वी डोळ्यांखालून गेलेलं असतं. माझ्या डोळ्यांखालून आजोबा गेले होते, तेही संध्याकाळच्या कंदिलात.

एका डावात तर मी राजीनामाच दिला होता. दोघांकडं एकेक हत्ती, त्याच्याकडं एक प्यादं जास्त. माझा राजा त्या प्याद्याच्या समोर, शेवटच्या घरात. म्हटलं आता वजीर होणारच. पण सात मोहऱ्यांपर्यंतच्या शेवटांची उत्तरं कोष्टकांत तयार आहेत, तिथं अंदाजाचा प्रश्नच नाही. कोष्टक म्हणतं, बरोबरी. हत्ती माझ्या बाजूनं तिसऱ्या ओळीत ठेवून त्याच्या राजाला अडवायचं, आणि प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती पार मागं नेऊन पाठीमागून शह देत राहायचं. हा फ्रेंच खेळाडू फिलिडोरचा बचाव, अठराव्या शतकातला! १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाविरुद्ध जगज्जेत्या कास्पारोव्हनं दुसरा डाव सोडला, तेव्हाही विश्लेषकांनी नंतर बरोबरीची वाट दाखवली होती. तेवढंच मनाला बरं वाटलं.

सगळाच हिशोब माझ्या अंगावर आला असंही नाही. निपाणीच्या एका डावात मी लिहिलं होतं, "माझी वाट लागली, चौदा आणे." इंजिन म्हणालं ०.००. मी मान खाली घालणार होतो, एवढ्यात पुतण्यानं एकाऐवजी तीन ओळी उघडून दाखवल्या. पहिली ०.००, दुसरी −५.४, तिसरी −७. पुढच्या चालीलाही तसंच, त्याच्या पुढेही. सलग पाच वेळा एकच चाल वाचवणारी, बाकी सगळ्या खड्ड्यात. ही बरोबरी स्टॉकफिशची. घड्याळात चार मिनिटं उरलेल्या माणसाची नव्हे. तेव्हापासून मी नुसता आकडा वाचत नाही, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत अंतर किती ते आधी बघतो.

त्रेचाळीस डाव संपायला गणपती उजाडले. दसऱ्याच्या आधी खडेबाजारात गोकाकचे ते मास्तर अचानक भेटले. आता निवृत्त, मुलीकडं आले होते. चहाला बसलो. मी मोबाईलवर ती स्थिती काढली, वजीर एच५ वर ठेवला आणि म्हटलं, "सर, आता काळ्याची चाल. काय कराल?"

त्यांनी चष्माही लावला नाही. बोट सी८ वर ठेवलं आणि सरळ एफ५ पर्यंत ओढलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हौद्री. त्या रात्री घरी परततानाच सापडली." बशीत चहा ओतत ते म्हणाले, "तुम्ही एवढे खुशीत होता. कशाला सांगायचं म्हटलं."