अनुभवाच्या रकान्यात ‘काही नाही’

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आले की ओट्यावर बसल्याबसल्या कुणीतरी विचारतंच, “माय, आमना पोऱ्यानं काय चुकस? मुलाखतले बलावतस, अन मंग फोनच येत नही.” माझं गाव अमळनेर तालुक्यात, आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात भरतीचं काम करता करता मला अठरा वर्षं झाली. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. दरवेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि गाडी चुकेल म्हणून निघते. तुम्ही पुन्हा विचारलंत, तर या वेळी नीट सांगते.

आपल्याकडच्या मुलांच्या बायोडाट्यात शिक्षण असतं, टक्के असतात, छंदसुद्धा असतात. अनुभवाच्या रकान्यात मात्र ‘काही नाही’, नाहीतर एक आडवी रेघ. ती रेघ बहुतेक वेळा खरी नसते.

चार वर्षांपूर्वी पारोळ्याकडचा एक मुलगा आला होता. आयटीआय, इलेक्ट्रिशियन. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर त्याने पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं, तिसऱ्या वाक्याला अडकला, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला. शेजारी बसलेले देखभाल विभागाचे साहेब घड्याळ बघायला लागले. मी मराठीत विचारलं, “घरी शेती आहे का? विहिरीवरची मोटर कोण बघतं?”

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. रात्रपाळीच्या लाइटीत डीपीवरून एक फेज गेला तरी चालू मोटर लगेच थांबत नाही, उरलेल्या दोन फेजवर जास्त करंट ओढत राहते आणि वाइंडिंग जळतं, हे त्याने सांगितलं. शिवारातल्या मोटरी अशाच जळायच्या. म्हणून त्याने आधी घरच्या स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, जोडला, मग शेजाऱ्यांच्या. एकूण नऊ. साहेबांनी विचारलं, प्रिव्हेंटर असूनही जळाली तर? त्याने बेअरिंग जाम होणं सांगितलं, ओव्हरलोड रिलेचं चुकलेलं सेटिंग सांगितलं, आणि त्यापुढच्या एका प्रश्नाला “हे मला येत नाही, सर” असंही सांगितलं. त्याला आम्ही घेतलं. त्याच्या कागदावर या नऊ मोटरींचा एक शब्द नव्हता.

आपल्याकडे ज्याचा पगार मिळत नाही त्याला काम म्हणायची सवयच नाही. ‘घरचंच तर आहे’ म्हणतात. माझ्या जिभेवरही हेच बसलेलं होतं. माझी पहिली मुलाखत नाशिकला, सातपूरला झाली. समोरच्या गृहस्थांनी सहज विचारलं, “अमळनेरला काय आहे?” मी म्हटलं, “काही नाही सर, छोटं गाव आहे.” ते म्हणाले, विप्रोची सुरुवात १९४५ साली तिथेच झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. साने गुरुजी तिथल्याच शाळेत शिकवायचे. मला दोन्ही गोष्टी लहानपणापासून माहीत होत्या. तरी तोंडून ‘काही नाही’ निघालं, आणि पुढचा अर्धा तास माझा आवाज खाली गेला तो वर आलाच नाही. ती नोकरी मला मिळाली नाही.

तेव्हा लिहा. काय केलं, कशावर केलं, किती केलं, कुणासाठी केलं, एवढं साध्या भाषेत लिहा. जे केलं नाही ते मात्र लिहू नका. अनुभवाची खोटी पत्रं विकत मिळतात, पण भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन नंबराखाली आधी कुठे, किती दिवस नोकरी होती हे दिसतं. पत्र एक सांगतं आणि ती नोंद दुसरंच सांगते, तेव्हा चांगला मुलगाही हातचा जातो. ते बघताना मला खरंच वाईट वाटतं.

कागद करतानाची एक चूक फार महागात पडते. तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेवाला ईमेल काढून देतो आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहतो. आम्ही पाठवलेलं बोलावणं तिथेच पडून राहतं. कागदावरचा फोन नंबर जुना, कधी मामाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक नाव, आधारवर दुसरं स्पेलिंग. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे आताच सरळ करून घ्या.

पगाराचं विचारलं की आपली मुलं म्हणतात, “तुम्ही द्याल तो.” असं म्हणू नका, आणि वर्षाच्या आकड्याला बाराने भागून घरी सांगूही नका. २,४०,००० म्हणजे हातात महिना २०,००० नव्हे. बेसिक १२,००० धरलं तर १२ टक्क्यांनी तुमचे १,४४० भविष्य निर्वाह निधीत जातात. कंपनीचे १,४४० सुद्धा बऱ्याचदा त्याच वर्षाच्या आकड्यात धरलेले असतात, ग्रॅच्युइटीही असते. वर मुलग्यांना व्यवसाय कर महिना २००, फेब्रुवारीत ३००; एवढ्या पगारावर मुलींना तो नाही. हातात किती पडतील, हे नम्रपणे विचारलं म्हणून मी आजवर कुणाला नाकारलेलं नाही.

आणि पैसे देऊ नका. भुसावळ जवळ, त्यामुळे ‘रेल्वेत चिकटवतो, मुलाखतीत सेटिंग आहे’ म्हणणारे आपल्या गावांत फिरतात. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून क आणि ड गटाच्या पदांच्या मुलाखतीच बंद केल्या आहेत. जी मुलाखत होतच नाही, तिची सेटिंग कसली? आमच्या भाऊबंदांतल्या एकाने अशाच माणसासाठी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या अजून सुटलेल्या नाहीत.

यंदाच्या आखाजीला शेजारच्या काकूंनी हाच प्रश्न विचारला, तेव्हा मी त्यांच्या बीकॉम झालेल्या मुलाला कागद घेऊन बोलावलं. अनुभव? तो म्हणाला, “काही नाही, ताई.” मी विचारलं, दिवाळीपासून होळीपर्यंत तू असतोस कुठे? जिनिंगवर. तिथे काय करतोस? काट्यावर बसतो, कापसाचा ओलावा मशीनवर बघतो, काटापट्टी लिहितो, संध्याकाळी पेमेंटची यादी शेठच्या हिशेबाशी जुळवतो. किती गाड्या होतात दिवसाला? पंचवीस-तीस. यादी जुळली नाही तर? “मग जुळेपर्यंत उठत नाही.”

काकू आतून चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. “माय, हाई बी लिखतस का?” त्यांनी विचारलं. मुलाने रेघ खोडली होती आणि तिच्या जागी पहिली ओळ लिहीत होता.