नावाच्या रकान्यात 'ज्योत्स्ना' मावेना: फॉर्म व्हॅलिडेशनचा माझा अनुभव

फॉर्म बनवायला मला एक दिवस लागला आणि त्यातले रकाने नीट तपासून घ्यायला जवळजवळ महिना, हे सांगितलं की लोक हसतात पण खरंच तसं झालं. काम काही फार नव्हतं, एका छोट्या वाचनालयासाठी सभासद नोंदणीचा डेस्कटॉप प्रोग्रॅम, सी शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्स वापरून. नाव, फोन, ईमेल, जन्मतारीख, पत्ता, शेरा आणि अनामत रक्कम, बास. काउंटरवरच्या काकू तो वापरणार होत्या आणि मला वाटलं होतं की चुकीचं काही टाइपच करू दिलं नाही की झालं, प्रश्नच मिटला.

म्हणून सुरुवात कीप्रेसपासून केली, म्हणजे बटण दाबलं की चालणाऱ्या कोडपासून. फोनच्या रकान्यात कुठलंही बटण दाबलं की बघायचं, आकडा आहे का, नसेल तर हँडल्ड ट्रू करून (म्हणजे "हे मी बघितलं, पुढे पाठवू नको" असं सांगून) गिळून टाकायचं. दोन ओळींचा कोड, फार खूश होते मी. पहिल्याच दिवशी काकूंचा फोन, "अगं, चुकलेला आकडा खोडताच येत नाहीये, आता काय करू?" झालं असं होतं की बॅकस्पेससुद्धा कीप्रेसमध्ये एक कॅरेक्टर म्हणूनच येतो, क्रमांक ८, आणि तो काही आकडा नाही, सो माझ्या कोडने त्यालाही गिळलं. मग कंट्रोल कॅरेक्टर (अक्षर न उमटवता नुसतं काम करणारं) असेल तर जाऊ दे अशी अट टाकली. पण कंट्रोल-व्ही पण कंट्रोल कॅरेक्टरच असतं, २२ नंबरचं, म्हणजे त्या एका अटीने मी पेस्टला दार उघडून दिलं. आणि माउसने राइट क्लिक करून पेस्ट केलं तर कीप्रेसला कोणी विचारतच नाही, ते तर आधीपासूनच उघडं होतं. दोन दिवसांनी डेटाबेसमध्ये बघते तर फोनच्या रकान्यात नंबर आणि पुढे "घरचा, दुपारी करू नये".

मग टेक्स्टचेंज्डमध्ये, म्हणजे रकान्यातला मजकूर बदलला की लागणाऱ्या इव्हेंटमध्ये जाऊन नको ती अक्षरं काढून टाकायचा प्रयोग केला. तो करू नका. टेक्स्ट बदललं की तोच इव्हेंट परत लागतो, शिवाय कर्सर उडी मारून सुरुवातीला जातो आणि माणूस मधला आकडा दुरुस्त करत असेल तर पुढचे आकडे भलतीकडेच पडायला लागतात. सिलेक्शनस्टार्ट (कर्सरची जागा) जपून परत लावता येतो, मी लावलाही, पण तोवर काकू वैतागल्या होत्या.

आता खरी गंमत आकड्यांची. काकूंचा कीबोर्ड बराच वेळ मराठीत असतो, मग फोन नंबर पण मराठी आकड्यांत टाइप व्हायचा. सी शार्प ज्यावर चालतं त्या डॉटनेटचं इजडिजिट (हा आकडा आहे का, हे सांगणारं) मराठी पाचला सुद्धा आकडाच मानतं आणि ते बरोबरच आहे, सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तो आकडाच आहे. पण अनामत रकमेच्या रकान्यातला तोच मराठी पाच डेसिमलच्या ट्रायपार्सला (टाइप केलेल्या मजकुराची रक्कम करणाऱ्याला) दिला की तो सरळ नाही म्हणतो, त्याला फक्त इंग्रजी आकडे कळतात. म्हणजे दारावरचा माणूस या या म्हणतोय आणि आतला विचारतोय तुम्ही कोण. रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा साचा तपासायची खूण-भाषा) मधल्या बॅकस्लॅश डीचं, म्हणजे "इथे आकडा हवा" या खुणेचं, पण डॉटनेटमध्ये हेच, एकमास्क्रिप्टचा पर्याय लावला नाही तर जगातल्या सगळ्या लिप्यांचे आकडे त्याला चालतात. फोनच्या बाबतीत तर एररच आली नाही, नंबर मराठी आकड्यांत गपचूप सेव्ह झाला आणि नंतर कोणी इंग्रजी आकड्यांत शोधला की "सभासद सापडला नाही". शेवटी मी नाकारणं सोडलं आणि बदलून घेणं सुरू केलं, रकान्यातून बाहेर पडताना प्रत्येक आकड्याची किंमत गेटडेसिमलडिजिटव्हॅल्यूने काढायची आणि त्याचा इंग्रजी आकडा करून ठेवायचा. काकूंना हे कधी कळलंही नाही.

(फोन नंबर इंटमध्ये, म्हणजे पूर्णांक संख्या म्हणून ठेवायचा मूर्खपणा पण मी केला होता. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, त्यामुळे ९ ने सुरू होणारा कुठलाही दहा आकडी नंबर "चुकीचा नंबर" ठरायचा, आणि ज्यांचा नंबर शून्याने सुरू होतो त्यांचं शून्य गायब. फोन नंबरची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही, तो टेक्स्टच ठेवायचा.)

नावाच्या रकान्यात मी अजून मोठा घोळ घातला. नावात आकडे आणि चिन्हं नकोत म्हणून तिथे इजलेटर (हे अक्षर आहे का, हे सांगणारं) लावलं. इंग्रजीत टाइप करून बघितलं, मस्त चाललं. काकूंनी मराठीत "ज्योत्स्ना" टाइप केलं आणि स्क्रीनवर उमटलं "जयतसन". मला आधी वाटलं फॉन्टचा काहीतरी लोचा असेल, अर्धा दिवस फॉन्ट बदलत बसले. मग एकेक कॅरेक्टर छापून बघितलं तेव्हा कळलं की काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत ही युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नाहीतच, ती जोडचिन्हं आहेत, त्यांचा वर्ग वेगळा. इजलेटर त्यांना नाही म्हणतं, म्हणून माझ्या फिल्टरमधून फक्त मुळाक्षरं पार झाली. रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायचं तर अक्षरांच्या वर्गाबरोबर चिन्हांचा वर्ग पण घ्यावा लागतो. मराठीत सॉफ्टवेअर लिहिणारी मी मराठी, आणि मीच आपली बाराखडी बाहेर ठेवली होती, याची लाज अजून वाटते.

त्याच नावाने दुसरं पण शिकवलं. मॅक्सलेंग्थ (रकान्यात जास्तीत जास्त किती टाइप होईल) मी २० ठेवली होती, वीस अक्षरं खूप झाली ना. पण ज्योत्स्ना आपल्याला दोन अक्षरी दिसतं आणि टेक्स्टबॉक्स ते दहा मोजतो, ज, हलंत, य, ओकार, त, हलंत, स, हलंत, न, काना. पूर्ण नाव टाकायला गेलं की आडनावाच्या मध्येच टाइपिंग थांबायचं, एररही नाही, नुसतं मुकं. तेव्हा लांबी ठरवताना देवनागरीसाठी दिसतं त्याच्या कितीतरी पट जागा धरा, आणि डेटाबेसच्या कॉलमची लांबी पण त्याबरोबर तपासा, नाहीतर रकाना हो म्हणतो आणि सेव्ह करताना फुटतं.

न दिसणारी कॅरेक्टर्स हे अजून एक प्रकरण. पेस्ट केलेल्या नावात कधीकधी शून्य रुंदीची स्पेस येते आणि डॉटनेट ४ पासून ट्रिम (पुढच्या-मागच्या स्पेसेस काढणारं) ती काढत नाही (साडेतीनपर्यंत काढायचं). मी म्हटलं मग सगळीच अदृश्य कॅरेक्टर्स उडवून टाकू. उडवली, तर एका सभासदाच्या आडनावातलं "ऱ्हा" बदलून "र्हा" झालं, कारण ते नाव ज्या पद्धतीने टाइप झालं होतं त्यात हा अर्धा र एका न दिसणाऱ्या जोडणाऱ्या कॅरेक्टरच्या जोरावर उभा असतो. त्यांनी काउंटरवर येऊन विचारलं माझं आडनाव कोणी बदललं. आता फक्त शून्य रुंदीची स्पेस काढते, आणि पुढच्या-मागच्या स्पेसेस, बाकी कशाला हात लावत नाही.

एव्हाना कीप्रेसचा नाद सुटला होता, मग व्हॅलिडेटिंग इव्हेंटकडे वळले. कल्पना चांगली आहे, माणूस रकाना सोडून पुढे जायला लागला की हा इव्हेंट येतो, आत जे आहे ते तपासायचं, चुकीचं असेल तर कॅन्सल ट्रू करायचं की फोकस, म्हणजे टाइप करायची जागा, तिथेच अडकून राहतो. अडकतो म्हणजे खरोखर अडकतो. एक सभासद अर्ध्यातच "नंतर येतो" म्हणून निघून गेले, फोनचा रकाना अर्धवट, काकूंनी रद्द करा दाबलं तर होईना, वरच्या कोपऱ्यातली फुली दाबली तर होईना, दुसऱ्या रकान्यात जाता येईना. "अगं, हा मला बाहेरच पडू देत नाहीये!" शेवटी त्यांनी कॉम्प्युटरच बंद केला.

यावर उपाय आहेत आणि सगळे साधे आहेत, फक्त ते आधी कोणी सांगत नाही. रद्दच्या बटणाचं कॉझेसव्हॅलिडेशन फॉल्स करायचं, मग ते दाबताना तपासणी लागत नाही. फुलीसाठी फॉर्मक्लोजिंगमध्ये (फॉर्म बंद होताना येणाऱ्या इव्हेंटमध्ये) कॅन्सल परत फॉल्स करायचं, कारण तपासणी नापास झाली की तिथे ते आधीच ट्रू होऊन आलेलं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्मचं ऑटोव्हॅलिडेट हे मुळात फोकस अडवणारं असतं, ते बदलून एनेबलअलाऊफोकसचेंज करायचं. मग तपासणी होते, चूक दाखवली जाते, पण माणूस हवा तिथे जाऊ शकतो. मी हे केलं त्या दिवसापासून काकूंचे फोन निम्मे झाले. सभासद समोर उभा असतो, तो आधी पत्ता सांगतो मग फोन आठवतो, त्याच्या बोलण्याच्या क्रमाने फॉर्म भरता यायला हवा.

पण मग खरी अडवणूक सेव्हला करावी लागते, आणि तिथे अजून एक खड्डा. ज्या रकान्यात माणूस गेलाच नाही त्याचा व्हॅलिडेटिंग येतच नाही, त्यामुळे नाव रिकामं ठेवून खालचे दोन रकाने भरून सेव्ह केलं तर बिनबोभाट सेव्ह. सेव्हच्या कोडमध्ये पहिली ओळ व्हॅलिडेटचिल्ड्रन, जी सगळे रकाने तपासते, ती फॉल्स आली तर पुढे जायचं नाही. आणि सेव्ह टूलबारवर ठेवलं असेल तर ते जास्तच लक्षात ठेवा, टूलबारचं बटण फोकस घेत नाही, म्हणजे शेवटचा रकाना सोडलाच गेला नाही, म्हणजे तोही तपासला गेला नाही. माझ्याकडे नेमकं तेच होतं, अनामत रक्कम शेवटी आणि सेव्ह वर टूलबारमध्ये.

चूक दाखवायला एररप्रोव्हायडर वापरला, रकान्याशेजारी लाल चिन्ह येतं. ते मुळात लुकलुकतं, पाव सेकंदाला एकदा, आणि चार रकाने चुकले की स्क्रीनची दिवाळी होते. नेव्हरब्लिंक करून टाकलं. संदेशांवर मात्र मी सगळ्यात कमी वेळ घालवला होता आणि तिथेच जास्त घालवायला हवा होता. "अवैध इनपुट" असं लिहिलं होतं मी. काकूंनी शांतपणे विचारलं, "अवैध म्हणजे काय गं, मी काय गुन्हा केला?" आता तिथे लिहिलंय "फोनमध्ये ९ आकडे आलेत, १० हवेत", आणि काकू स्वतःच मोजून दुरुस्त करतात.

रकमेच्या रकान्याबद्दल थोडं. ट्रायपार्स स्वल्पविराम कुठेही चालवून घेतो, कोणी "१,२,३" असं इंग्रजी आकड्यांत लिहिलं तर ते एकशे तेवीस होतं, तक्रार नाही. आणि कॉम्प्युटरची भाषा-प्रदेशाची सेटिंग जिथे दशांशाला स्वल्पविराम वापरते तिथे टिंब देऊन लिहिलेल्या दीडचं पंधरा होऊ शकतं. ट्रायपार्सला कल्चर (म्हणजे हीच भाषा-प्रदेशाची सेटिंग) स्वतः सांगा, मशीनवर सोडू नका. तारखेचं पण तसंच, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हे मशीन ठरवतं. त्यावर मी डेटटाइमपिकर (कॅलेंडरातून तारीख निवडायचा रकाना) लावला आणि निर्धास्त झाले, पण तो उघडतो आजच्या तारखेवर, आणि काकूंनी हात लावला नाही तर तीच सेव्ह होते. महिनाभरात चाळीसएक सभासद नोंदणीच्याच दिवशी जन्मलेले निघाले. आता त्याला चेकबॉक्स आहे, टिक नसेल तर तारीख रिकामी.

रिकामीवरून, मी सुरुवातीला सातही रकाने सक्तीचे केले होते. लोकांकडे ईमेल नसतो, मग काकू एक टिंब टाकायच्या, नंतर ईमेलचा आकार तपासायला लागले तर ए ॲट ए डॉट कॉम टाकायला लागल्या. सक्ती केली की खोटं भरलं जातं, आणि खोटं हे रिकाम्यापेक्षा वाईट कारण ते नंतर ओळखता येत नाही. आता सक्ती फक्त नाव आणि फोनला. एका अर्जात नावात वरचा स्वल्पविराम होता आणि सेव्ह करताना क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) फुटली, तेव्हा मी आधी ते चिन्हच बंद करणार होते, पण ती चूक नावाची नव्हतीच, मी क्वेरी तुकडे जोडून लिहिली होती. पॅरामीटर लावले, म्हणजे नाव आज्ञेत न जोडता वेगळं पाठवलं, आणि नाव जसंच्या तसं राहिलं.

परवा काकूंचा परत फोन. एकच सभासद दोनदा नोंदला गेला, एकदा मराठीत नाव, एकदा इंग्रजीत, फोन नंबर तोच. "इतकं सगळं बोलतो तुझा प्रोग्रॅम, मग यावेळी का गप्प बसला?" आता ते करतेय, फोन आधीच असेल तर पिवळी सूचना, पण लाल नाही, कारण एकाच घरातल्या दोघांचा नंबर एकच असू शकतो असं काकूच म्हणाल्या.