बर्गामॉट हुंगायचं तर आधी कापू नका

रेज्जो कालाब्रियाहून मेलितोकडे लोकल निघाली की डब्याच्या एका बाजूला समुद्र दिसत राहतो. इटलीच्या दक्षिण टोकाच्या या चिंचोळ्या किनारपट्टीतच जगातलं बहुतेक बर्गामॉट, म्हणजे सुगंधी सालीचं एक लिंबूवर्गीय फळ, पिकतं. तोडणी नोव्हेंबर ते मार्च चालते. यायचं ठरवताना महिना नीट निवडा, कारण महिन्यागणिक वास बदलतो.

डिसेंबरपर्यंत फळ हिरवं असतं. त्यात लिनालूल हे सुगंधी द्रव्य जास्त, म्हणून वास तरतरीत, चुरगाळलेल्या पानासारखा. फेब्रुवारीत साल पिवळी पडते, लिनालिल ॲसिटेट हे दुसरं सुगंधी द्रव्य वाढतं आणि वास गोडसर होतो. लव्हेंडरचा वासही मुख्यतः याच दोन द्रव्यांचा, म्हणून बर्गामॉटमध्ये फुलांची चाहूल लागते. संत्र्याच्या सालीतलं तेल ९० टक्क्यांहून जास्त लिमोनीन हे एकच द्रव्य असतं, त्यामुळे ते इतकं गुंतागुंतीचं लागत नाही. मला हिरवंच फळ अधिक आवडतं.

बागेत फळ हातात मिळालं की लगेच चिरू नका. सालीवर नख अगदी हलकं ओढा. तेलाच्या बारीक पिशव्या फुटून बोटांवर ओलसर तुषार येतो. नख खोल गेलं तर खालचा पांढरा थर लागतो. त्यात कडूपणाच जास्त. पहिला भपकारा लिंबासारखा येतो आणि लगेच उडतो. खरा वास त्याच्या मागून येतो. साल कोऱ्या कागदावर दाबून ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा: लिंबूपण ओसरलेलं असतं, मऊ, फुलांचा, किंचित मसालेदार वास उरतो. सलग चार-पाच फळं हुंगली की नाक बधिर होतं. मधे थोडं थांबा.

रस थेंबभरच चाखा. आधी लिंबाचा आंबटपणा, मागून ग्रेपफ्रूटसारखा कडवटपणा, आणि तो घशाशी बराच वेळ रेंगाळतो.

हात मात्र साबणाने धुऊनच उन्हात जा. तेलातल्या बर्गाप्टेन या घटकामुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

एक किलो तेलाला साधारण २०० किलो फळं लागतात. साल थंडच खरवडून तेल काढतात, कारण वाफेवर काढलं तर लिनालिल ॲसिटेट विघटित होतं आणि फुलांचा वास हरवतो. विकत घेताना गडद काचेची लहान बाटलीच घ्या. अर्धी रिकामी बाटली हवेने खराब होते. टर्पेंटाइनसारखा वास आला की तेल गेलं समजा.